सरांनी दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

आमच्या क्षेत्राची परिषद दरवर्षी वेगळ्या शहरात भरते. रडारमध्ये, उपग्रहांत लागणाऱ्या बऱ्याचशा चिप सिलिकॉनच्या नसतात. गॅलियम आणि आर्सेनिकसारखी मूलद्रव्यं एकत्र करून बनवलेल्या पदार्थांच्या असतात. त्यांवर काम करणारी माणसं तिथे भेटतात. त्या वर्षी परिषद पुण्यात होती आणि आयोजनाचं बरंचसं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं मुख्य भाषण माझ्या सरांचं होतं. मी त्यांच्याच हाताखाली पीएचडी केली. सदाशिव पेठेत राहणारा, मोजकं बोलणारा माणूस. ते प्रश्न विचारायला उठले की भलेभले घाबरत.

पहिल्या दिवशी दुपारी एक तरुण मुलगी तिने बनवलेल्या अॅम्प्लिफायर चिपबद्दल बोलली. सर उठले. "चिप तापल्यावर हे आकडे असेच राहतात का?" तिने नीट उत्तर दिलं. सर मान हलवून बसले. मग दुसऱ्या कोणीतरी काही विचारलं, आणि सर पुन्हा उठले.

"चिप तापल्यावर हे आकडे असेच राहतात का?"

सभागृहात हशा पिकला. सरांचा तिरकसपणा सगळ्यांना ठाऊक; उत्तर पटलं नाही हे ते त्यांच्या पद्धतीने सांगतायत, असंच लोकांना वाटलं. ती मुलगी कानकोंडी झाली. मी सरांकडे बघत होते. ते हसत नव्हते. लोक का हसतायत हे त्यांना कळतच नव्हतं.

चहाच्या सुट्टीत मी त्या मुलीला गाठून सांगितलं, "तुझं उत्तर बरोबर होतं. सरांना ऐकू आलं नसेल." तिला ते पटलं असावं.

संध्याकाळी सरांना गाडीतून घरी सोडायला निघाले. टिळक रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. ते म्हणाले, "मी तेच परत विचारलं ना?"

"हो, सर."

"हल्ली होतं असं. घरी बोलू नकोस. ती काळजी करत बसेल."

दार काकूंनी उघडलं. सर कपडे बदलायला आत गेले, तसं त्यांनी हळूच विचारलं, "आज काही झालं का गं?"

मी चपला काढायला वाकले.

"बोलू नको म्हणाले असतील. तुला सांगू नको असं मलाही बजावलंय. डॉक्टरांकडे जाऊन आलोय आम्ही. वाढत जाणार, म्हणाले."

"उद्याचं भाषण रद्द करू का, काकू?"

"ते त्यांनाच विचार. त्यांच्या पाठीमागे आपण दोघींनी काही ठरवायचं नाही."

मी विचारलं. सर आधी चिडले. मग खुर्चीत बसून म्हणाले, "तू शेजारी उभी राहा. अडलो तर सांग."

सकाळी काकू पहिल्या रांगेत येऊन बसल्या. सर सुरेख बोलत होते. मला जरा हायसं वाटू लागलं. तेवढ्यात पडद्यावर एका जुन्या चिपचा फोटो आला आणि ते थांबले. वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "काम चांगलं आहे. कुणाचं हे?"

माइक चालू होता. या वेळी कोणी हसलं नाही.

"तुमचंच, सर."

त्यांनी फोटो निरखून पाहिला. "असेल. पण या कडेला थोडी जागा सोडायला हवी होती," म्हणाले, आणि पुढे बोलू लागले. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. काकू तेवढ्या बसून होत्या, पदर तोंडाशी धरून.

ती त्यांची शेवटची परिषद. मी वारज्यातल्या माझ्या घरून अधूनमधून त्यांच्याकडे जाते. प्रयोगशाळेत काय चाललंय ते सांगते, ते लक्ष देऊन ऐकतात. मागच्या वेळी मधेच थांबवून त्यांनी विचारलं, "आपण पीएचडी कुणाकडे केलीत?"

इतकी वर्षं मला अगं-तुगं करणारे सर आता अहो-जाहो करतात. "मनाला लावून घेऊ नकोस," काकू म्हणतात. मी हो म्हणते. जिना उतरून खाली आले की गाडी सुरू करायला मला थोडा वेळ लागतो.