फळीवरची पाण्याची रेघ

थांब्यावर उभ्या माणसाला गाडी कधी येणार हे सांगणं म्हणजे उपकार आहे का? आमच्या चौक गावातले मिठागरवाले आजोबा भेटेल त्याला हेच विचारत. वेळेपायी इतका वेडा झालेला माणूस या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. जन्म मिठागराच्या मुकादमीत गेला. भरती कधी येणार हे मजुरांना आधी सांगायचं, हे त्यांचं काम. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. नातीच्या लग्नात वऱ्हाड निघायची वेळ त्यांनी व्याह्यांच्या दारावर खडूनं लिहिली, आणि ती होताच व्याह्यांना भरल्या पंगतीतून उठवलं.

एकदा सकाळची भाईंदर स्टेशनची गाडी आलीच नाही. ती रद्द आहे हे बसच्या कचेरीत आदल्या दिवशीच ठाऊक होतं. थांब्यावर कोळणी टोपल्या घेऊन ऊन चढेपर्यंत बसल्या. मासळी नासली. आजोबा तडक कचेरीत गेले. कारकून बशीतून तोंड न काढता म्हणाला, "आजोबा, गाडी आली की दिसतेच ना?"

"भरतीपन दिसते रं, बुडाल्यावर!" आजोबा कडाडले. "आदी सांगत न्हाय तो मुकादम कसला?"

दुसऱ्या दिवशी थांब्यावर मिठागराची जुनी फळी उभी राहिली. गावात घड्याळं तीन, त्यांतलं एक बंद. म्हणून आजोबांनी तिच्यावर समोरच्या धक्क्याच्या खांबाचं चित्र खडूनं काढलं आणि त्यावर पाण्याची रेघ ओढली. समुद्राचं पाणी खऱ्या खांबावर तिथवर दिसलं की गाडीची वेळ झाली. भरती रोज सरकते, म्हणून रोज तिथी मोजून रेघ नवी. गाडी रद्द असेल तर रेघेऐवजी पालथ्या टोपलीचं चित्र. त्यासाठी संध्याकाळच्या कंडक्टरला ते दारातच अडवत, "उद्याचं बोल!"

शेजारच्या कोळणीनं विचारलं, "आजा, ही रेघ चढत्या पान्याची का उतरत्या?"

"मासं इकतेस ना? मंग मला काय इचारतेस!"

कचेरीनं ती फळी 'विनापरवाना' म्हणून दोनदा उपटली. माहिती दडवली तर तो कारभार, दिली तर गुन्हा! तिसऱ्यांदा कोळणी फळीला पाठ लावून बसल्या. "आदी आमाला उचला!" फळी राहिली.

आता आजोबांना दिसत नाही; तिथी ते मोजतात, रेघ मी ओढतो. गेल्या महिन्यात मी परगावी होतो. परतलो तर फळीवर जुनीच रेघ, आणि आजोबा खाली खडू धरून बसलेले.

संध्याकाळच्या गाडीनं चौकला आलात, तर उतरण्यापूर्वी कंडक्टरला उद्याचं विचारा. थांब्यावर एक म्हातारा खडू पुढे करील. त्याला ते सांगा, आणि तो सांगेल तिथे रेघ ओढा.