देशकर डॉक्टर इटालियन गाडी पाहायला जातात

जुनी गाडी घेणाऱ्या माणसाकडे शेवटी गाडी एकच येते, पण किस्से मात्र पाहिलेल्या प्रत्येक गाडीचे जमा होतात. न घेतलेल्या गाड्यांचे तर जरा जास्तच. आमच्या तिघांजवळ असे इतके साचले आहेत की रविवारी सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर कोणी नुसतं "ती कळमेश्वरची" म्हटलं तरी पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीचा ठसका लागतो.

तिघं म्हणजे कोण ते आधी सांगतो. पहिले देशकर डॉक्टर. दातांचे. धरमपेठेत दवाखाना, वय अठ्ठावन्न. कॉलेजात असताना त्यांनी एका परदेशी मासिकात इटालियन स्पोर्ट्स मोटरसायकल पाहिली. लाल रंगाची, समोर झेप घ्यायला वाकल्यासारखी. ते पान त्यांनी फाडून ॲनाटॉमीच्या पुस्तकात ठेवलं. मग शिक्षण, दवाखाना, लग्न, मुलगी. मुलगी बंगलोरला नोकरीला लागली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ते पान बाहेर काढलं आणि ठवरे मिस्त्रींसमोर ठेवलं.

"अशी पाहिजे. जुनीच पाहिजे. आणि लवकर पाहिजे. अशा गाडीवर वाकून बसायची माझी आता थोडीच वर्षं राहिलीत."

ठवरे मिस्त्री हे दुसरे. सक्करदऱ्याला त्यांचं गॅरेज आहे, आणि अशा दोन इटालियन गाड्या त्यांनी स्वतःच्या हातानं खोलून परत जोडलेल्या आहेत. त्यांनी पान बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे गाडी घेणं सोपं हाये. चांगली घेणं कठीण हाये."

तिसरा मी, किशोर. हिंगण्याला एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. दिवसभर पार्ट रिजेक्ट करतो. असा माणूस सोबत असलेला बरा, असं डॉक्टरांचं मत.

*

पहिली गाडी कळमेश्वरला निघाली. एका कारखानदारांच्या शेडमध्ये, कव्हर घालून ठेवलेली. कव्हर काढल्याबरोबर डॉक्टरांचा चेहरा असा झाला की मिस्त्रींनी त्यांना कोपरानं ढोसलं. विकणाऱ्यासमोर असा चेहरा करायचा नसतो.

जुनी गाडी पाहायला गेलं की मिस्त्री सगळ्यात आधी इंजिनला हात लावतात. इंजिन थंड पाहिजे. थंड गाडी कशी चालू होते यावरून तिची खरी तब्येत कळते. म्हणून काही लोक गिऱ्हाईक यायच्या आधीच ती तापवून ठेवतात.

"सकाळपासून हात लावला नाही कोणी," कारखानदार म्हणाले.

या गाडीला दोन सिलेंडर असतात. एक पुढं आडवं, एक मागं उभं. मिस्त्रींनी मागच्यावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. "गरम हाये."

"ऊन लागलं असेल."

आम्ही सगळे शेडमध्ये, सावलीत उभे होतो. पण मिस्त्री वाद घालत नाहीत. त्यांनी पुढच्या सिलेंडरवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"साहेब," ते अगदी आदरानं म्हणाले, "ऊन एकाच सिलेंडरले लागलं काय?"

म्हणजे गाडी तापवून ठेवली होती ती ठेवलीच, वर तिचं एक सिलेंडर मेलेलं होतं, आणि ते मालकालाही माहीत नव्हतं. त्यांनी स्वतः येऊन दोन्हीकडे हात लावून पाहिला. मग म्हणाले, "चहा घेता का?"

*

वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्या गुल्हान्यांची गाडी पाहायला डॉक्टर तयारीनं आले. दवाखान्यातला तोंडात घालायचा तो छोटा आरसा आणि टॉर्च खिशात घेऊन.

आम्ही हसलो, पण त्या आरशानं कमाल केली. पेट्रोलच्या टाकीत आरसा घालून त्यांनी वरच्या बाजूचा गंज दाखवला, जो वरून वाकून कोणालाच दिसला नसता. मग हँडलखाली, जिथं फ्रेमचे पाइप एकत्र येतात, तिथं आरसा फिरवला. एका जागी रंग नवा होता. मिस्त्रींनी नखानं खरवडलं, तर खाली केसाएवढी चीर.

गुल्हाने हे सगळं मोठ्या आदरानं पाहत होते. "तुम्ही दाताचे डॉक्टर काय? मले उजव्या बाजूनं थंड पाणी लागते."

डॉक्टरांनी दुसऱ्या खिशातून दुसरा आरसा काढला, पाकिटातला, स्वच्छ. गुल्हान्यांना त्यांच्याच ट्रकच्या पायरीवर बसवलं आणि टॉर्च मारला.

"खोलवर गेलंय. वरून पॉलिश करून भागणार नाही. रूट कॅनॉल लागेल."

गाडीखालून मिस्त्रींचा आवाज आला, "अन् वेल्डिंग."

गुल्हाने गोंधळले. "हे सगळं तुमच्याकडंच होईन काय?"

"दाताचं माझ्याकडे."

"मग गाडी तिथं आणून ठेवू काय?"

गाडी काही घेतली नाही, पण गुल्हाने पेशंट झाले. तीन सिटिंगला आले, आणि तिन्ही वेळा तोंड उघडं ठेवावं लागल्यामुळे त्यांना गाडीची तारीफ करता आली नाही.

*

बुटीबोरीचा किस्सा छोटा आहे. या गाड्यांचा क्लच कोरडा असतो, तेलात नसतो. त्यामुळे गाडी उभी असताना तो चमचे भरलेला डबा हलवल्यासारखा खडखडतो. नवख्याला वाटतं गाडी बिघडली. डॉक्टर मात्र त्या खडखडाटावरच भाळलेले.

तिथल्या कापड गिरणीतल्या एका मॅनेजरनं गाडी चालू केली आणि आम्ही कान टवकारले. आवाजच नाही.

"खूप वाजायची सर," तो अभिमानानं म्हणाला. "कॉलनीवाले तक्रार करत होते. मी बंद करून टाकलं."

"कसं?" मिस्त्रींनी विचारलं.

"आत ग्रीस भरलं."

मिस्त्री तिथंच पायरीवर बसले. तरी डॉक्टरांना धीर धरवेना. त्यांनी गिअर टाकला, क्लच सोडला, ॲक्सिलरेटर पिळला. इंजिन असं ओरडलं की झाडावरचे बगळे उडाले. गाडी मात्र जागची हलली नाही. क्लचच्या चकत्यांवर ग्रीस, त्या पकडणार कशाला?

गेटवरचा चौकीदार धावत आला. "साहेब, स्टँड काढा, स्टँड."

"स्टँड कवाचंच निघेल हाये गा," मिस्त्री बसल्या जागेवरून म्हणाले.

*

यानंतर बजाजनगरला एका प्राध्यापकांकडे खरोखर चांगली गाडी सापडली. इंजिन थंड, टाकी स्वच्छ, क्लच छान खडखडणारा. मी मुद्दाम शोधूनही मला रिजेक्ट करायला काही मिळालं नाही. मिस्त्रींनी मान हलवली. डॉक्टर गाडीवर बसले, त्या खालच्या हँडलवर वाकले आणि समोरच्या मैदानाला दोन चकरा मारून परत आले.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"उत्तम."

"मग उतरा."

"तेच जमत नाहीये."

पाठ धरली होती. मी एका बाजूनं, प्राध्यापक दुसऱ्या बाजूनं, असं आम्ही त्यांना उचललं. गाडी खालून निघाली पण डॉक्टर त्याच आकारात राहिले, वाकलेले, दोन्ही हात समोर. तसेच त्यांना कारच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि घरी नेलं.

दार सुनंदावहिनींनी उघडलं. या भानगडीबद्दल त्यांना आजवर एवढंच माहीत होतं की रविवारी आम्ही पोहे खायला जातो. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या पुढं धरलेल्या हातांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"हे असे काय झालेत?"

डॉक्टरांना उत्तर देण्याइतकी मान वर करता येत नव्हती. मिस्त्री पुढं झाले. "वहिनी, गाडीत काही खोट नाही. सगळं चेक केलं. गिऱ्हाईक चेक कराचं राहून गेलं."

पाठ सुटायला पंधरा दिवस लागले. तोवर ती गाडी पुण्याला गेली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर पेशंटच्या खुर्चीवर आडवे होऊन छताकडे पाहत होते. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी रोज पहाटे पाठीचे व्यायाम सुरू केले. वहिनींनी त्यांना गाडीचा नाद सोडा असं म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आता पाहायला मीही येणार."

*

वहिनी पहिल्यांदा सोबत आल्या ते गांधीबागेतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे. शेठजी म्हणाले, "गाडी नवीनसारखी आहे. बारा वर्षं एका जागी उभी. आतले बेल्टसुद्धा कंपनीचेच आहेत, वापरलेच नाहीत."

मिस्त्रींनी समजावून पाहिलं. इंजिनच्या आत रबराचे दोन पट्टे असतात, गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी बदलावेच लागतात. तुटले तर इंजिनाचा चुराडा. शेठजींना पटेना. न वापरलेली वस्तू खराब कशी होईल?

वहिनी इतका वेळ दुकानातल्या साड्या पाहत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "शेठजी, बारा वर्षं एकाच घडीत ठेवलेला शालू आज उलगडला तर?"

"घडीवर फाटेल," शेठजी म्हणाले.

परत येताना मिस्त्री मला हळूच म्हणाले, "आजपासून तू नोको येऊ. वहिनी पुरे हायेत."

*

आता शेवटची. मनीषनगरच्या एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये ती उभी होती. लाल. मालक सतीश, बँकेत नोकरीला. गाडी त्याच्या वडिलांनी हौसेनं आणलेली. ते गेल्यावर तशीच राहिली.

दोन्ही सिलेंडर थंड होती. टाकीत आरसा फिरवला, गंज नाही. विकायची म्हणून बेल्ट गेल्याच वर्षी बदललेले, पावती दाखवली. गाडी चालू झाली आणि चमच्यांचा डबा खडखडू लागला. मिस्त्रींनी डोळे मिटले. डॉक्टर एक चक्कर मारून आले आणि कोणाच्या मदतीशिवाय उतरले. उतरल्यावर गाडीची किल्ली मुठीत धरूनच त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी नाइलाजानं मान डोलावली.

कागद तपासायचं काम माझं. इंजिन नंबर जुळला, चेसिस नंबर जुळला. मालकाच्या नावाच्या जागी लीलाबाई असं होतं.

"हे कोण?"

"आई," सतीश म्हणाला. "बाबांनी काहीतरी कारणानं तिच्या नावावर घेतली होती. ती सही देईल, नुसती फॉर्मॅलिटी आहे."

आम्ही वर गेलो. लीलाबाई पेपर पसरून मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपास वय. सतीशनं फॉर्म समोर ठेवला.

"कोण विकून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"आपणच, आई."

"मले कोणं विचारलं?"

सतीश आमच्याकडे पाहून ओशाळं हसला. "आई, तुला काय करायचं आहे गाडीचं? तू तर कधी बसलीही नाहीस तिच्यावर."

"बसाले सीट कुठी होती? एका माणसाची गाडी ते." त्यांचे हात देठं काढतच होते. "हा फ्लॅट तुह्या नावावर. शेत तुह्या भावाच्या नावावर. गॅस सुनेच्या. माह्या नावाची या घरात तेवढी एकच वस्तू हाये. काहून विकू?"

"पण ती धूळ खात..."

"धूळ दिसली काय तुले तिच्यावर? दर रविवारी पुसून कोण ठेवते?"

सतीशला वाटत होतं चौकीदार पुसतो.

डॉक्टरांनी फॉर्म उचलून नीट घडी घातली. तीन वर्षांत इतकी हवीशी गाडी त्यांना दुसरी मिळाली नव्हती, ते मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, मावशी. नका विकू." आणि उठले.

"बसा," लीलाबाई म्हणाल्या. "चहा होऊन राहिला."

डॉक्टर बसले. लीलाबाईंनी आता वहिनींकडे पाहिलं. "तुमच्या नावावर काय काय हाये वं?"

वहिनी हसल्या आणि उत्तर द्यायला लागल्या, पण मध्येच थांबल्या. "दवाखाना यांच्या नावावर आहे. फ्लॅट दोघांच्या... पण पहिलं नाव यांचंच. कार यांची." जरा विचार केला. "बँकेत लॉकर आहे माझ्या नावाचा. त्यात माझ्या आईच्या पाटल्या आहेत."

"किल्ली कोणाजवळ हाये?"

वहिनींनी डॉक्टरांकडे बोट दाखवलं. "यांच्या जुडग्यात."

लीलाबाईंनी मिरच्यांचा पेपर बाजूला सरकवला. "मग बाईच्या नावावर घेसान तर देतो. बाप्याच्या नावावर नाही देत."

"म्हणजे," डॉक्टर चाचरत म्हणाले, "चालवणार मी, आणि..."

"चालवा ना. कोण नाही म्हणते? आमचे हे बी चालवतच होते."

चहा आला. कोणी कप उचलला नाही. आम्ही सगळे वहिनींकडे पाहत होतो. गाडीचं कळल्या दिवसापासून त्या तिला घरात 'ते लाल खूळ' म्हणत होत्या. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि डॉक्टरांच्या हातातून फॉर्म घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला, पाठीमागची बाजूसुद्धा.

"पेन द्या," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "आणि किल्ली ठेवा इथं."

कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टरांनी दोन्ही ठेवल्या.