वीस लिटरचं जारकर्म

डॉक्टरांनी गोड बंद केल्यावरही आमच्या वकील मॅडम उल्हासनगरच्या कोर्टात जाताना मिठाईच्या दुकानात हमखास थांबत. मी डोळे वटारले की बर्फी तोंडात टाकत म्हणत, "मी गोडात राहत नाही गं. नुसती जाऊन येते."

राहणं वेगळं आणि जाऊन येणं वेगळं, यावरच त्यांची वकिली उभी होती. पोटगी द्यायची वेळ आली की नवऱ्यांना अचानक बायकोचं लफडं दिसायला लागतं. कायदा म्हणतो, बायको जारकर्मात राहत असेल तर पोटगी नाही. मॅडम त्या 'राहत'वर बोट ठेवत. "एखाद्या वेळी पाय घसरला म्हणजे काय तिनं तिथं बिऱ्हाड केलं? आणि आधी घसरला हे तरी दाखवा!" मोरिवलीत वाढलेल्या त्या बाईचा आवाज असा, की कोर्टाबाहेरचा चहावाला विचारल्याशिवाय त्यांच्या चहातली साखर कमी करत नसे.

माझा नवरा अंबरनाथ पूर्वेला दुसरीबरोबर राजरोस राहत होता. मी मुलीला घेऊन बेलवलीला आईकडे आले होते. पोटगी मिळाली नाही तर मला त्याच्याच दारात परत जावं लागणार होतं, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं कोर्टात सांगितलं, हिचं जारवाल्याशी लफडं आहे. जारवाला म्हणजे आईच्या बिल्डिंगमध्ये पिण्याच्या पाण्याचे जार पोचवणारा बिचारा. वीस लिटर खांद्यावर घेऊन चौथा मजला चढला की त्याला स्वतःचं नावही धड सांगता येत नसे.

नवऱ्यानं साक्षीला आणल्या खालच्या मजल्यावरच्या काकू. त्याच्या वकिलानं घसा खाकरून शुद्ध मराठीत विचारलं, "अर्जदार जारकर्म करते, हे आपल्याला ठाऊक आहे?"

"हो तर!" काकू म्हणाल्या. "एक दिवसाआड करते."

नवऱ्याची छाती फुगली. मॅडम मात्र सावकाश उठल्या.

"आणि काकू, तुम्ही?"

"आमचं रोज असतं. सासूबाई आल्या की डबल. नळाला पाणी येतंय कुठं, मॅडम? अख्खी सोसायटी करते, सेक्रेटरी पण!"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मॅडम गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "साहेब, मग सगळ्या सोसायटीचीच पोटगी बंद करावी लागेल."

मला पोटगी मंजूर झाली. बाहेर आल्यावर मी हसता हसता रडायलाच लागले. सगळ्यांसमोर तो शब्द माझ्या नावाला चिकटला होता. मॅडमनी मला ओढत दाल पकवानच्या गाडीवर नेलं.

"मॅडम, खरंच माझं काही असतं तर?"

"एखाद्या वेळचं असतं तरी भांडले असते. बिऱ्हाडच केलं असतंस, तर बहुतेक हरले असते." त्यांनी प्लेट माझ्यापुढे सरकवली. "पण भूक तर तेव्हाही लागलीच असती ना तुला? खा."

मागल्या वर्षी मॅडम गेल्या. पुण्यानुमोदनाला हॉलमध्ये नातेवाइकांपेक्षा आम्ही पोटगीवाल्या बायकाच जास्त होतो. त्यांचा भाऊ बोलायला उभा राहिला. म्हणाला, "ताईच्या नवऱ्यानं पण तिच्यावर हाच आळ घेतला होता. तेव्हा ती वकील नव्हती. चारचौघांत तो शब्द निघू नये म्हणून 'मला काही नको' असं लिहून दिलं तिनं, आणि नेसत्या साडीनिशी घरी आली. खरं का खोटं, कुणी विचारलं पण नाही. आम्ही पण नाही."

मला त्या भावाचा संताप आला आणि त्याची दयाही आली. मॅडमना त्या वेळी एखादी मॅडम भेटायला हवी होती.