गुराख्याचा हात

संग्रहालयात तिला सगळे बोळेवाली म्हणत. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि जुन्या चित्रावरचा मळ बोटभर जागेतून हळूच उचलायचा, हेच तिनं बावीस वर्षं केलं. बाटलीतल्या औषधापेक्षा थुंकी गरीब, असं तिचं म्हणणं. नियम एकच: बोळ्यावर रंग आला की हात आवरायचा आणि साहेबांना बोलवायचं.

त्या दुपारी रंग आला, आणि तिनं हात आवरला नाही.

चित्रात झाडाखाली गाय मान पोटाकडे वळवून बसलेली. शेजारी गुराखी बासरी वाजवतोय. साहेबांनी त्यावर चार पानं लिहिली होती: गाय म्हणजे तृप्ती, बासरी म्हणजे शांती. पुस्तक छापून आलेलं, उद्या प्रदर्शन. आणि इथे अर्धी बासरी बोळ्यावर उतरलेली. तिच्याखालच्या मूळ रंगात गुराख्यानं गाईचा कान मुठीत धरला होता.

बोळेवालीनं ती मूठ ओळखली. तिचा बाप दूधवाला. नुकती व्यालेली गाय अशी मान दुमडून बसली की तो आधी कान चाचपायचा. कान गार लागला, की त्या दिवशी घरात कुणाला घास उतरत नसे. ही गाय कसली तृप्त, ही तर हातची चाललेली. मागाहून कुणीतरी, बहुतेक चित्र खपावं म्हणून, वरून बासरी रंगवून गाईचं दुखणं झाकलं होतं.

साहेब आले. बघितलं, आणि तोंडच उतरलं त्यांचं. आवाज न चढवता म्हणाले, बासरी आत्ताच्या आत्ता होती तशी करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

तिनं हात पदराखाली घेतले.

"मळ काढते मी, साहेब. खोटं रंगवायचं मला जमायचं नाही."

"चार पानं लिहिलीत मी. लोक तोंडावर हसतील."

"बसलेली गाय सगळ्यांना निवांतच वाटते. आमच्या घरी नाही वाटायची."

साहेब चित्राशी वाकले. ती मूठ जवळून न्याहाळू लागले. दारातला शिपाई आल्या पावली परत गेला.

"कान गार लागला, तर वडील काय करायचे?"

"काही नाही. कान सोडायचे नाहीत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. उरलेली बासरी निघायला किती वेळ लागेल, विचारलं. ती म्हणाली, सहा वाजतील.

"काढा. पानांचं माझं मी बघतो."

ते तसेच वाकून उभे राहिले. तिनं नवा कापूस गुंडाळला.

"मग जरा बाजूला व्हा, साहेब. तुमची सावली पडतेय हातावर."