‘गॉन डाउन अ बॉम्ब’चा अर्थ

“कांबळेंना आजच सस्पेंड करा. ऑर्डर टाइप करा, बाई,” एमडी म्हणाले.

मी हुबळीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात एक्स्पोर्ट करस्पॉन्डन्स बघायची. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सगळं फॅक्सवर चालायचं. त्या सकाळी इंग्लंडच्या गिऱ्हाइकाचा दोन ओळींचा फॅक्स आला होता. तुमचे व्हॉल्व्ह इथे ‘हॅव गॉन डाउन अ बॉम्ब’. पुढे, ‘वुई कुड डू विथ द सेम अगेन’.

मी धारवाडहून बसने पोचेपर्यंत अर्थ लावून झाला होता. लावला गिरीशसाहेबांनी. हे एमडींचे जावई. दोन वर्षं अमेरिकेत शिकून आलेले, आणि ती दोन वर्षं आम्हाला रोज ऐकवणारे. ‘बॉम्ब’ म्हणजे माल साफ आपटला. ‘सेम अगेन’ म्हणजे तेवढाच माल बदली पाठवा, फुकट.

मग दोष कोणाचा? क्वालिटी इन्स्पेक्टर कांबळेंचा. प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये दाबाने पाणी भरायचं आणि गळतोय का ते बघायचं, याला हायड्रो टेस्ट म्हणतात. ती कांबळे करायचे. आठ वर्षांत त्यांनी पास केलेला एकही नग परत आला नव्हता. पण माणूस आयटीआय झालेला, इंग्रजी बोलताना अडखळणारा. गिरीशसाहेबांना तेवढा पुरावा पुरे होता.

“साहेब, रजिस्टर तरी बघा. एकेका नगाचं प्रेशर लिहिलंय,” कांबळे म्हणाले.

“रजिस्टर काय बघायचं? गिऱ्हाईक बॉम्ब म्हणायला लागलंय!” गिरीशसाहेब म्हणाले.

ऑर्डर मी टाइप केली. त्याची लाज मला अजून वाटते. कांबळेंनी ती घडी करून खिशात ठेवली. “घरी काय सांगू, अक्का?” एवढंच विचारलं आणि डबा उचलून गेले.

माझ्या ड्रॉवरमध्ये जाडजूड डिक्शनरी होती. उघडली. अमेरिकेत ‘बॉम्ब’ म्हणजे आपटणं, हे खरं. पण इंग्लंडच्या बोलीत ‘गो डाउन अ बॉम्ब’ म्हणजे लोकांना प्रचंड आवडणं. आणि ‘कुड डू विथ’ म्हणजे हवंय. मी पान उघडंच घेऊन केबिनमध्ये गेले.

गिरीशसाहेबांनी पानाकडे पाहिलंही नाही. “बाई, ही शाळेतल्या पोरांची पुस्तकं.”

“मग गिऱ्हाइकालाच विचारू या.”

“म्हणजे आपल्याला इंग्रजी येत नाही, हे जगाला दाखवायचं?” एमडी भडकले. भडकले की ते कानडीवर यायचे. “साकु, बाई! पुरे झालं. माफीचं पत्र पाठवा.”

एक्स्पोर्टच्या फॅक्सवर सही माझीच असायची. मी माफी मागितली नाही. एकच ओळ पाठवली: किती व्हॉल्व्ह फेल झाले, कृपया कळवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. फेल? एकही नाही. इथे हातोहात खपले, म्हणून आणखी तेवढेच हवेत. ज्याने टेस्ट केले, त्याला माझ्यातर्फे बिअर पाजा.

एमडींनी ते दोनदा वाचलं आणि जावयाकडे बघितलं. गिरीशसाहेब शांतपणे म्हणाले, “या ब्रिटिश लोकांना नीट इंग्रजी लिहिता येत नाही.”

सस्पेंशन मागे घेतल्याचं पत्र मात्र एमडींनी स्वतः सांगून टाइप करून घेतलं. ‘आजवरची चांगली वागणूक लक्षात घेऊन या वेळी क्षमा करण्यात येत आहे.’ ते घेऊन मी कांबळेंच्या घरी गेले. त्यांनी बोट ठेवून ओळ वाचली.

“चूक केलीच नाही, तर क्षमा कसली? हा शब्द काढा. मगच येतो.”

तीन दिवस ते आले नाहीत. नव्या मालाचा पहिला लॉट तयार होऊन पडला. टेस्ट सर्टिफिकेटवर सही करायला दुसरं कोणी नव्हतं. चौथ्या दिवशी एमडींनी मला बोलावलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “काढा तो शब्द.”

कांबळे आले, टेस्ट बेंचवर उभे राहिले, कामाला लागले. सॉरी त्यांना कोणी म्हटलं नाही. गिरीशसाहेबांना त्याच वर्षी एक्स्पोर्ट मॅनेजर केलं.

शब्द कळला नाही, तर लिहिणाऱ्याला विचारावं. त्यासाठी एक फॅक्स पुरतो. पण त्याआधी कळलं नाही असं म्हणावं लागतं, आणि आमच्या केबिनमध्ये ते वाक्य कोणालाच येत नव्हतं. इंग्रजीतही नाही, मराठीतही नाही.