नवसातला बांगडा

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही, असं म्हणालो तर तेही खोटंच होईल. सांगितली. लग्नाच्या पंगतीत सांगितली, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितली, एकदा दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असतानाही सांगायचा प्रयत्न केला. फक्त अर्धीच सांगितली. बायकोला रक्ताचा कॅन्सर झाला, मी ग्रामदेवतेला नवस बोललो, मासे सोडले आणि ती बरी झाली. इथवर आलं की ऐकणाऱ्याचे डोळे भरायचे आणि मी मान खाली घालायचो. लोक त्याला नम्रपणा समजत. मान खाली घालायला माझ्याकडे वेगळं कारण होतं. ते सांगायचं मी टाळत आलो, ते आज लिहितो.

माझ्या मासे सोडण्याला एवढी किंमत का आली, हे कळायला माझी नोकरी सांगायला हवी. रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात मी मॅनेजर होतो. मासेमारीला निघालेल्या बोटी आमचा बर्फ भरून जायच्या आणि परतल्या की माझ्या टेबलाखाली माशांची एक पिशवी येऊन बसायची. मी मागायचो नाही आणि कुणी दिली असंही म्हणायचं नाही. पिशवी आपली असायची. त्यातल्या बऱ्याच पिशव्या एका चाचांच्या. त्यांच्या दोन बोटी होत्या आणि माझ्या जिभेवर त्यांचं माझ्याहून जास्त लक्ष होतं. "मॅनेजरसाहेब, आजची सौंदाळी बघा, घरी जाईपर्यंत जीव धरवणार नाही तुम्हाला," असं म्हणत ते निघून जायचे. आणि खरंच धरवायचा नाही.

नव्याण्णव साली पाऊस संपता संपता बायको थकू लागली. हातापायांवर कुठे न आपटता काळेनिळे डाग, दात घासताना रक्त. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, चष्मा काढून पुसला आणि मुंबईला जा म्हणाले. चष्मा पुसला तेव्हाच मला कळलं. मुंबईत लालबागला तिची धाकटी बहीण राहायची. तिच्या आधाराने बायकोला इस्पितळात ठेवली, पहिलं औषध सलाईनमधून सुरू झालं, आणि मी गावाकडे पळालो. पळालो हा शब्द आज लिहितोय. तेव्हा मी "देवाचं करून येतो" म्हणालो होतो. देवाचं करायला निघालेल्या माणसाला कुणी अडवत नाही. डॉक्टर पेशींबद्दल बोलू लागले की माझ्या कानात घूं घूं व्हायचं. देवळात मात्र मला सगळं समजत होतं.

गुरवाने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं सुरू केलं आणि मधे थांबून मला विचारलं, "काय सोडतोस?"

मी विचार करूनच गेलो होतो. "मटण."

मागून दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बोलला, "थांबा हो गुरवानू. मटण हा खातो कधी? शिमग्याला एकदा, नि पाहुणा आला तर एकदा. देवाला चणे-कुरमुरे वाटतोस काय रे?"

"मग चहा."

"चहाने तुला पित्त होतं. तो सोडलास तर तुझंच भलं."

देवळात बरीच माणसं होती. कुणीतरी खुसखुसलं. मी देवाकडे पाहिलं, पण देव आम्हा भावांच्या मधे पडला नाही.

"मासे सोडले," मी म्हणालो. "ती बरी होऊन स्वतःच्या पायांनी या देवळात येईपर्यंत."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. दादा सगळ्यात मोठ्याने.

गंमत सोडून एक सांगतो. त्या क्षणी माझा विश्वास पक्का होता. डॉक्टर काही ठाम सांगत नव्हते, बहुतेक, शक्यतो, बघू, असंच बोलायचे. धरायला मला हा एकच दोर होता. देवळातून निघालो तेव्हा इतक्या दिवसांनी मला भूक लागली होती. घरी वहिनीने कोलंबीचं कालवण केलं होतं. मी वरण-भात जेवलो आणि स्वतःवर भारी खूष झालो.

बंदरावर बातमी माझ्या आधी पोचली. चाचा आले ते रिकाम्या हाताने. "तुमच्या मन्नतीत आम्ही आडवे नाही येणार. वहिनी बऱ्या होऊन आल्या की पहिली सुरमई माझी." पिशवी बंद झाली. टेबलाखालची जागा इतकी मोठी आहे, हे मला पहिल्यांदा दिसलं.

मुंबईला जाऊन बायकोला सांगितलं तेव्हा तिचे केस गळायला लागले होते. ती उशीला टेकून बसली होती. "तुम्ही?" ती म्हणाली, "मासे?" आणि हसली. दुखणं कळल्यापासून पहिल्यांदाच हसली. हसणं ओसरल्यावर म्हणाली, "मग मीही नाही खाणार. तुम्ही माझ्यासाठी सोडलेत, नि मी तुमच्यासमोर काटे काढत बसू?"

मला भरून आलं. किती भरून आलं होतं, हे आठवलं की आज अंगावर काटा येतो.

महिना गेला असेल. एका सकाळी डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन चक्क हसत आले. चांगल्या पेशी वाढू लागल्या होत्या, औषध लागू पडत होतं. मी जिना उतरून रस्त्यावर आलो. आनंदात माणूस कुठेही चालतो, तसा चालत राहिलो, आणि कोपऱ्यावरच्या खानावळीतून तव्यावर बांगडा टाकल्याचा आवाज आला. वास नंतर आला. आधी आवाज. मी आत जाऊन बसलो. वरण-भातच मागणार होतो. तोंडातून "बांगडा फ्राय थाळी" निघालं. मनाशी म्हटलं, रिपोर्ट चांगला आला म्हणजे देवाने नवस मान्य केला. मान्य केला म्हणजे जवळजवळ फिटलाच. काट्यापर्यंत साफ केला. डोकंसुद्धा सोडलं नाही.

संध्याकाळी तिला ताप भरला. दात वाजत होते. डॉक्टर म्हणाले, सलाईनच्या नळीमुळे असेल, या उपचारात असे ताप येतात, अँटिबायोटिक दिलंय. मी मान हलवत होतो. मला कारण माहीत होतं. कारण माझ्या पोटात होतं.

ताप उतरेपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं, ते विचारू नका. ताप उतरला. एवढं झाल्यावर माणसाने त्या खानावळीच्या फुटपाथवरूनही जाऊ नये. मी गेलो. त्या वेळचा माझा हिशेब असा होता की नवस एकदा मोडला तो मोडला, आता पुन्हा काय मोडणार? दर दोन-चार दिवसांनी बांगडा, कधी बोंबील, एकदा शिंपल्यातल्या तिसऱ्या. जेवल्यावर मूठभर बडीशेप, आणि इस्पितळाच्या दारात हात धुवायला औषधी साबण ठेवलेला असायचा, तो कोपरापर्यंत. तिथली नर्स मेहुणीला म्हणाली होती, "तुमच्या भावोजींइतके स्वच्छ नातेवाईक मी पाहिले नाहीत."

पुढच्या औषधानंतर बायको फार उतरली. बांगड्या हातातून निसटायच्या. डॉक्टर म्हणाले, औषध सोसायला अंगात ताकद हवी, पोटात प्रथिनं जायला हवीत. अंड्याच्या वासानेच तिला उलटी व्हायची. चिकन घशाखाली उतरेना.

"मासे खा की मग," डॉक्टर म्हणाले. "रत्नागिरीच्या ना तुम्ही? नीट शिजवून घ्यायचे, बस."

"यांचा नवस आहे," ती म्हणाली. आणि डॉक्टरांना माझ्याकडे बोट करून दाखवलं. कौतुकाने. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तासाभरापूर्वी जेवून आलो होतो.

खरं बोलायची वेळ होती ती. "अगं, मी खाल्लाय, तूही खा," एवढंच म्हणायचं होतं. पण मग तिने तारखा जुळवल्या असत्या. बांगडा आणि ताप. माझ्यासारखंच तिनेही ते जोडलं असतं आणि आता आपण वाचत नाही, असं धरून बसली असती. निदान मी स्वतःला असं समजावलं. ती ओरडेल याचीच मला भीती होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ती ओरडली नसती. नुसतं पाहिलं असतं. त्याचीच भीती.

म्हणून ती नुसती पेज पीत राहिली आणि मी बडीशेप खात राहिलो.

शेवटी मेहुणी भडकली. व्हरांड्यात मला गाठून म्हणाली, "भावोजी, तिला तुम्ही सांगा. देवाने काय तिला मारायचं ठरवलंय? तुमचा शब्द ती मोडणार नाही."

"माझा शब्द कसा चालेल?" मी म्हणालो. "देवाचा विषय आहे. कौल घ्यावा लागेल."

"मग घ्या जाऊन! इथे बसून काय करताय?"

तिला खरं सांगून टाकायचं, तीन वाक्यांचं काम होतं. त्यासाठी मी एसटीने गावी गेलो. कौल म्हणजे देवाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. गुरवाने विचारलं, ही बाई दुखणाईत आहे, तिने मासे खाल्ले तर चालेल का. कधी कधी पाकळी पडायला दुपार होते. त्या दिवशी गुरवाचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पडली.

"देवाला अक्कल आहे," दादा म्हणाला. "तूच खुळा. एवढ्यासाठी मुंबईहून आलास?" मग देवळाच्या पायऱ्या उतरताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझा मात्र तसाच हां. तुझं नाही विचारलं आपण."

परत पोचेपर्यंत ती आणखी वाळली होती. देवाची परवानगी आहे म्हटल्यावर मेहुणीने लगेच मुडदुशांचं पातळ कालवण आणलं. आजाऱ्याला सोसतात म्हणून आमच्याकडे देतात ते मासे. बायको किती दिवसांनी पोटभर जेवली. मधेच हात थांबवून म्हणाली, "तुम्ही बाहेर जाऊन बसा बघू. माझ्या ताटाकडे बघत असे बसू नका. मला गिळवत नाही."

मी बाहेर जाऊन बसलो. त्या दिवशी दुपारी मी सुरमई खाल्ली होती.

त्यानंतर मात्र मी खरोखर सोडले. कुणी विश्वास ठेवू नये, मी आग्रह धरत नाही. खानावळवाला एकदा रस्त्यात भेटला, "साहेब, आजारी होता काय?" म्हणाला.

ती बरी झाली. पुढच्या शिमग्याला डोक्यावर बोटभर वाढलेले केस घेऊन, पदर न घेता, स्वतःच्या पायांनी देवळात गेली. चाचांनी शब्द पाळला. सुरमई एवढी मोठी होती की दादाच्या घरून परात आणावी लागली. माणसं जमली होती. तिने पहिली तुकडी तळून, काटे काढून, सगळ्यांसमोर माझ्या तोंडात घातली. माझे डोळे वाहू लागले. चाचाही डोळे पुसू लागले. दादा म्हणाला, "बघा, माशासाठी रडणारा माणूस!" सगळे हसले, आणि गोष्ट तिथेच पक्की झाली.

पुढे सात वर्षं ती चांगली जगली, आणि ती सात वर्षं ती ही गोष्ट सांगत राहिली. हळदीकुंकवाला, बारशाला, भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेल्यावर भेटणाऱ्या बायकांना. दुखणं कसं होतं ते ती कधी सांगत नसे. मी मासे सोडले ते सांगायची. गावातली माणसं मला नवस कसा बोलावा हे विचारायला येऊ लागली. मी सल्ला द्यायचो. आधी जे खरंच सोडवेल तेच बोला, असं गंभीरपणे सांगायचो. एवढं एकच खरं बोलत होतो.

तिला सांगायचं मी दर वर्षी ठरवायचो. कधी पाहुणे असत, कधी तिची तब्येत बरी नसे, कधी फारच बरी असे आणि मग कशाला बिघडवा, असं वाटे. मुख्य म्हणजे त्या सगळ्या दुखण्यातून तिच्या हाती अभिमानाने दाखवण्यासारखं एवढंच लागलं होतं. ते काढून घेणारा मी कोण? ही सबब चांगली आहे. ती मी बरीच वर्षं वापरली.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात दुखणं उलटलं. मुंबईला गेलो, पण या वेळी डॉक्टर बहुतेक, शक्यतो असं काही म्हणाले नाहीत. घरी आलो. ती पडवीत खाटेवर असायची, मधल्या वर्षांत मुलाचं लग्न होऊन घरात आलेली सूनबाई तिच्याजवळ. या वेळी मी कुठे पळालो नाही. एका सकाळी सूनबाई पाणी तापवायला आत गेली आणि मी खाटेजवळ स्टूल ओढलं. वाक्य पाठ होतं.

"अगं, तुला एक सांगायचंय. तिकडे मुंबईला असताना..."

"यांनी माझ्यासाठी मासे सोडले होते," ती आतल्या बाजूला वळून म्हणाली. सूनबाई पाणी घेऊन आली, असं तिला वाटलं होतं. मग तिथे कुणी नाही हे पाहून माझ्याकडे वळली. "या वेळी काही सोडू नका हां. मला तुम्ही जेवताना बघायचंय. बंदरावर जा, बांगडे आले असतील."

मी पिशवी घेऊन उठलो.

बांगडे आणले. सूनबाईने तळले. खाटेजवळ ताट घेऊन बसलो आणि ती बघत राहिली. मी काट्यापर्यंत साफ केला. मी खाल्ला होता गं, तू पेज पीत होतीस तेव्हा मी खात होतो, मला माफ कर, एवढं ते वाक्य होतं. तोंडात घास होता.