येळवशीला न पेटलेली पेंढी

माझा आवाज मोठा. मी माहेरी आले की तीन बांध पलीकडे कळतं, असं दादा म्हणतो आणि ते खोटं नाही. यंदाच्या येळवशीला मात्र मला हळू बोलावं लागलं. तेवढं अवघड काम मी आजवर केलेलं नाही.

आमचं शेत उदगीरच्या बाजूला. वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, घराला कुलूप लावून सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, तिच्यात चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकाची आंबील आणि बाजरीचे उंडे. मी नांदेडहून आदल्या दिवशीच पोचले होते. दादाचा मुलगाही लातूरहून आला होता. अकरावीला आहे, तिकडे खोली करून क्लास करतो. त्याला मी नीट बघितलं. ओठांच्या कडेला फोड, डोळे लाल, बोलता बोलता मध्येच हरवायचा. दिवाळीत अंगणात चक्कर येऊन पडला होता म्हणे.

वहिनीने बाजूला घेऊन सांगितलं की त्याला बाहेरचं झालंय, म्हणजे कुठलंसं भूत झोंबलंय. गावातल्या एका जाणत्याला दाखवलं होतं. त्याने दंडाला गंडा बांधला होता आणि रोज घरात ऊद जाळायला सांगितलं होतं. मला संताप आला. भूत लागलं म्हणायला आमच्यात कुणाला लाज वाटत नाही. चार बायका हळहळतात, लिंबू उतरवतात, उद्या पोराच्या लग्नालाही ते आडवं येत नाही. पोरगा नशा करतो म्हटलं तर मात्र गावात मान वर काढता येत नाही. म्हणून आधी भुताच्या नावावर ढकलायचं आणि मोकळं व्हायचं, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

कारण पोराच्या अंगाचा वास मी ओळखला होता. माझे मिस्टर फर्निचरला पॉलिश करतात. थिनरचा तो गोडसर, डोक्यात चढणारा दर्प आमच्या घरातल्या टॉवेलांनासुद्धा असतो. पोरगा जेवायला शेजारी बसला तेव्हा तोच दर्प त्याच्या अंगाला आला. सणाचे पाहुणे गेले की दादाशी बोलायचं, असं मी ठरवलं.

नांदेडला आमच्या गल्लीत एक पोरगा होता. बंद गाळ्यांच्या मागे बसून हेच हुंगायचा. एके दुपारी कुणीतरी काठी उगारून त्याच्यावर ओरडलं. पोरगा पळत सुटला आणि कोपऱ्यावर पडला, तो परत उठलाच नाही. ही नशा चढलेली असताना माणूस दचकला, पळाला, तर हृदय एकाएकी बंद पडू शकतं, अगदी पहिल्या वेळेलाही, असं डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितलं. त्या माउलीने पुढे गल्लीतल्या एकेका दारात जाऊन ते सगळ्या बायांना सांगितलं. माझ्या दारातही ती आली होती.

दिवस बुडायला आला. दादाने उदगीरहून बोलावलेले पाहुणे हरभऱ्याच्या कडेला गप्पा मारत बसले होते. आंबिलीचा डेरा आणायला मी कोपीत वाकले, तर आमचं पोर कडब्याला टेकून बसलेलं, रुमाल नाकावर दाबलेला. शर्टाचा पुढचा भाग ओला होता. माझी हाक गळ्यापर्यंत आली होती, ती मी गिळली. त्याच्याजवळ बसले, रुमाल हळूच काढून घेतला आणि म्हटलं, चल बाळा, जरा वाऱ्याला बसू.

त्याने माझा पदर धरला. "आत्या, बाहेरचंच हाय म्हण. पप्पाला तेवढं चालतंय."

त्याला एक मुस्काटात द्यावी आणि पोटाशी धरून रडावं, दोन्ही एकदमच वाटलं. मी त्याला धरून बाहेर आणलं. तेवढ्यात दादाची हाक आली. अंधार पडताना कडब्याची पेंढी पेटवायची आणि घरातल्या तरण्या पोराने ती घेऊन शेताला पळत फेरी मारायची, ही आमची रीत. दादा एका हातात पेंढी आणि दुसऱ्या हातात काडेपेटी घेऊन समोरून येत होता. वडिलांची हाक आली तसा पोरगा सवयीने पुढे निघाला.

मी त्याचं मनगट सोडलं नाही. "दादा, काडी वडू नको. ह्याच्या अंगावर थिनर सांडलंय. पोरगं थिनर हुंगायलंय."

पाहुणे वळून बघू लागले. दादाने आधी माझ्याकडे बघितलं, मग पोराकडे, आणि त्याचा हात पायातल्या चपलेकडे गेला. पोराच्या अंगाला हिसका बसला. तो पळणार हे मला कळलं. मी त्याला दोन्ही हातांनी कवेत घेऊन खाली बसवलं. त्याचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं.

"मारायचं तर उद्या मार," मी म्हटलं. "आता नुसता वरडूबी नको. ह्यो पळाला तर मरंल."

माझा एवढा हळू आवाज दादाने जन्मात ऐकला नव्हता. मला वाटतं, त्यालाच तो घाबरला. चारी बाजूंच्या शेतांत पेंढ्या पेटल्या होत्या, पोरं आरोळ्या देत पळत होती. दादा न पेटवलेली पेंढी हातात धरून तसाच उभा राहिला. मग ती गंजीला टेकवून काडेपेटी एका पाहुण्याकडे देऊन आला आणि पोराचा ओला शर्ट स्वतः काढला. मी माझी शाल त्याच्या अंगावर घातली. पाहुण्यांच्याच जीपने आम्ही उदगीरला दवाखान्यात गेलो. वास साचू नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, थंडीने सगळे कुडकुडत होतो.

डॉक्टरांनी नाडी बघत विचारलं की काय झालं. वहिनी घाईने म्हणाली, चक्कर आली. दादा माझ्याकडे बघत राहिला. मी सांगेन असं त्याला वाटलं असणार, पण बापानेच सांगावं म्हणून या वेळी मी मुद्दाम गप्प बसले. मला त्याचा रागही होता आणि दयाही येत होती.

दादाने पोराच्या पायावर हात ठेवला. "थिनर हुंगतो, साहेब," तो म्हणाला. "माझा पोरगा हाय."

पोराने डोळे उघडले आणि बापाकडे बघितलं.